सईचा ठेका

बाकांवर तळहातांनी धरलेला ठेका आणि सगळ्या वर्गाने एका चालीत म्हटलेली कविता. चांदवडच्या शाळेतला तो आवाज म्हातारपणीही माझ्या कानातून जात नाही.

मंडळी, त्याच आवाजाच्या ओढीने मी दर बुधवारी इथल्या द्वारका चौकाजवळच्या एका शाळेत तिसरीच्या मुलांना चालीवर कविता शिकवायला जातो.

त्या वर्गात सई आहे. आई गेल्यापासून ती शाळेत कुणाशी बोललेली नाही. पण कविता सुरू झाली की तिचे हात बाकावर ठेका धरायचे. मागच्या बुधवारी तर शेवटची ओळ ती हळूच गुणगुणली. मी घरी येईपर्यंत तीच ओळ म्हणत होतो.

आज गेलो, तर वर्गात गणित चालू. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काका, वाईट वाटून घेऊ नका. पालक विचारतात, कवितेला मार्क किती? आता या तासाला स्कॉलरशिपची तयारी."

खिडकीतून सईने मला पाहिलं आणि बाकावर ठेका धरला.

"सई, हात खाली!" गणिताचे सर ओरडले.

हात खाली गेले. मानही.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो. लहानपणी मनातलं बोलता येत नसे तेव्हा आम्हाला निदान कविता म्हणता यायची. या पोरांनी काय करायचं? तुम्हीच सांगा.

हे लिहीत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात गणिताचे सर, हातात हेल्मेट.

"आजोबा, शाळा सुटेपर्यंत पोरीने मान वर केली नाही हो," ते म्हणाले. "तो ठेका मला शिकवता का?"