खिळ्याखालचा पंजा

फोन तीनदा वाजला. मी लेथवर होते. आधी मशीन बंद केली, काम घट्ट धरून गरगर फिरणारा चक पुरता थांबेपर्यंत हात मागे घेऊन उभी राहिले आणि मगच फोन घेतला. अण्णा गेले होते... झोपेतच. ही शिस्त ज्यांनी अंगात भिनवली, त्यांचीच बातमी मी अशी थांबून घेतली. अण्णा खूश झाले असते, असं मनात आलं आणि मग रडूच फुटलं.

अण्णा पिरनवाडीजवळच्या आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यांत जुने टर्नर. मी लागले तेव्हा लेथवर बाईमाणूस मी एकटीच. पहिल्या खंडेनवमीला पूजा झाली, मशीनला झेंडूची माळ चढली. दसरा उलटला आणि सकाळीच अर्जंट काम आलं. पूजेची माळ सुकायच्या आत काढायची कशी? आमच्या घरी तसं करत नाहीत. मी ती वरच्या दिव्याच्या दांडीवर सरकवली आणि लिव्हरला हात घातला, तोच अण्णांनी मेन स्विच ओढला. "हात काढ मागं!" असे काही ओरडले की अख्खी शेड गप्प! मला भयंकर राग आला. चारचौघांत ओरडायचं काय काम?

"देवाची माळ आहे ती, अण्णा," मी फणकारले.

"व्हय. माझी पण देवाचीच हुती." त्यांनी उजवा हात पुढं केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुळापासून नव्हतं. तरुणपणी त्यांनीही माळ अशीच बाजूला सारली होती. लोंबता दोरा फिरत्या चकात गुंडाळला, तो सोडवायला हात गेला... "देव समजून घेतोय गं पोरी. चकला कोण समजावणार?"

त्याच दुपारी त्यांनी भिंतीत खिळा ठोकला. तेव्हापासून माळ मशीनला नुसती दाखवायची आणि खिळ्याला घालायची. खिळ्याखाली अण्णा दरवर्षी हळदीचा पंजा उमटवायचे, तीन बोटांचा, जुन्या ठशावरच. मालक कुरकुरले, अपशकुनी दिसतंय म्हणाले. "दिसू दे की! नव्या माणसाला मुद्दाम सांगाय नको," एवढंच अण्णांचं उत्तर. एवढ्या वर्षांत आमच्याकडं कुणाचं नख दुखावलं नाही.

यंदाची खंडेनवमी त्यांच्याविना झाली. बोरगावहून नव्यानं आलेल्या रेणुकानं कुणी न सांगता माळ खिळ्याला घातली. मग हळदीची वाटी घेऊन सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी अण्णांच्या ठशावर हात ठेवला, दाबला आणि उचलला. तीन बोटं त्यांच्या बोटांवर बसली होती. उरलेली दोन शेजारी, कोऱ्या भिंतीवर, पिवळीधमक उमटली होती.