गार भिंतीला लागून

माझ्या धाकट्या भावाने मासळी ठेवायला थंड खोली बांधली, ती नेमकी माझ्या खोलीच्या भिंतीला लागून. रेवदंड्याला खाडीच्या तोंडाशी आमचं घर आहे. पुढचा भाग त्याचा, मागची एक खोली माझी. आई जाताना चार माणसांसमोर तसं बोलून गेली होती, म्हणून त्याला उघड काही म्हणता येत नव्हतं. मधल्या जागेत पूर्वी जाळी ठेवायचे. तिथे त्याने मशीन बसवलं, तीन बाजूंना थंडी अडवणारं जाड पॅनल लावलं आणि चौथी बाजू, माझी, तशीच उघडी सोडली.

"अरे, इकडे पॅनल?" मी विचारलं.

"भिंत हाय की," तो म्हणाला. "पॅनल कशाला?"

त्याला खोली हवी होती. मागितली असती तर मी भांडले असते आणि गाव माझ्या बाजूने उभं राहिलं असतं. म्हणून त्याने न मागता, थंडीने मला उठवायचं ठरवलं. निदान मी तरी तसंच समजत होते आणि अजूनही समजते.

मी एकटी असते तर दोन गोधड्या जास्त घेतल्या असत्या. पण माझ्याकडे एक अजगर होती. आफ्रिकेतल्या बुटक्या जातीची, लांबीला माझ्या हाताएवढी, घाबरली की चेंडूसारखी गोळा होणारी. आईच्या आजारपणासाठी गावी येण्याआधी मी वाशीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होते. एका माणसाने तिला उपचाराला आणून ठेवलं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. डॉक्टरांनी रीतसर नोंदणी करून ती माझ्या नावावर केली. गावात ब्लाऊज शिवून मी पोट भरत होते, आणि शिलाई मशीनशेजारी काचेच्या पेटीत ती असायची. तिला एका बाजूला अंग शेकेल इतकी ऊब लागते. पेटीखाली विजेची गादी होती, वर दिवा होता, आणि इतकी वर्षं तेवढं पुरत होतं.

दिवाळीनंतर भिंतीला पाझर सुटला. हात लावला की बर्फाच्या लादीला लावल्यासारखं व्हायचं. फरशी गार, कपड्यांची ट्रंक गार, कापडसुद्धा दमट. काचपेटीतल्या तापमापकाचा काटा खाली आला तो वर चढेना. मी भावाच्याच ढिगातून मासळीच्या थर्मोकोलच्या फुटक्या पेट्या उचलल्या, त्यांचे तुकडे करून भिंतीला चिकटवले, उरलेले काचपेटीच्या तिन्ही बाजूंना लावले. खोलीला बोंबलांचा वास सुटला, पण काटा चढला. त्याच्याच मालाने त्याचीच थंडी अडवली, याचा आनंद मला बरेच दिवस पुरला.

त्याने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीची वायर काढली. मीटर त्याच्या नावावर होता.

"तुझ्या त्या शेगडीनं माझं मशीन बंद पडतंय," दारात उभा राहून तो म्हणाला. "जनावरापायी माझी मासळी नासवू काय?"

"गादी ती केवढी आणि तुझं मशीन केवढं!"

"बाय, ऐक. वाशीला जा परत. तिकडं तुला किंमत हाय. इथं काय करतेस सापाला घेऊन?"

मी दार लावून घेतलं. शिलाई मशीन पायाचं होतं, त्याला विजेची गरज नव्हती. गरज होती ती तिला. मी बाटल्यांत गरम पाणी भरून, जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीत ठेवू लागले. माझा गॅस पुरेना तेव्हा भावजय मागच्या बाजूने गरम पाण्याचं पातेलं आणून द्यायची. शिवायला बसले की अजगरीला कापडी पिशवीत घालून मी पोटाशी बांधायची. ब्लाऊजची मापं द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, "पोटाला काय झालंय?" मी म्हणायची, "शेक घेतेय."

तरी ती आजारी पडली. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तोंडाच्या कडेला फेसाचे बुडबुडे. ती डोकं वर करून तशीच थांबायची, जणू पाण्यातून वर आलीय. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "औषध एसटीने पाठवतो. पण आधी ऊब. ऊब नसेल तर औषध वाया जाईल." सुई टोचायचा माझा हात बसलेला होता. टोचताना ती पिळवटली आणि मी भावाच्या नावाने असे शब्द वापरले जे आईसमोर कधी उच्चारले नव्हते.

त्या आठवड्यातच मला एक गोष्ट सुचली. थंड खोलीच्या मशीनचा बाहेरचा पंखा माझ्या मागच्या खिडकीखाली होता. दिवाळीआधीच्या उकाड्यात त्याच्या झळेने मी हैराण झाले होते आणि खिडकी कायमची बंद केली होती. आत मासळी गार व्हायची, तिची सगळी उष्णता तो पंखा बाहेर ओकायचा. मी खिडकी उघडली. तोंडावर गरम, कोरडी हवा आली. होडीवरच्या जुन्या ताडपत्रीचा तुकडा खिडकीला असा बांधला की झोत थोडा आत वळावा आणि पंख्याची वाटही अडू नये. काचपेटी खिडकीखाली सरकवली. दुपारपर्यंत काटा जिथे हवा तिथे आला. मी खाटेवर बसून एकटीच हसले. तो जितकी थंडी करेल तितकी माझी अजगर शेकणार होती.

शिट्टी कमी झाली, बुडबुडे थांबले. आणि मग भावाला ताडपत्री दिसली. शिडी लावून त्याने बाहेरून माझ्या खिडकीवर पत्रा ठोकला. प्रत्येक खिळा मी आतून ऐकला.

त्यानंतर दोनच दिवसांनी अलिबागकडच्या एका मोठ्या हॉटेलची माणसं त्याची थंड खोली बघायला येणार होती. पापलेट, सुरमई, कोळंबी, सगळं वर्षभर त्याच्याकडूनच घ्यायचा विचार होता. अंगण शेणाने सारवलं होतं, खुर्च्या मांडल्या होत्या, भावजयीने पोहे केले होते. गाडी आली. भाऊ इस्त्रीच्या शर्टात पुढे झाला.

मी अजगरीला दोन्ही हातांवर घेऊन बाहेर आले आणि उन्हात पायरीवर बसले. तिला ऊन हवं होतं, हे अगदी खरं होतं. ती माझ्या मनगटाला वेढा घालून जीभ काढत होती.

पाहुण्यांपैकी चष्मेवाला थबकला. "हे... हे काय आहे?"

"अजगर आहे, साहेब. चावत नाही."

"बाय, आत जा," भाऊ दातओठ खात म्हणाला.

"कुठे असते ही?" पाहुण्याने विचारलं.

"ही काय, मागच्या खोलीत," मी म्हणाले. "मासळीची खोली आणि आमची, मधे एकच भिंत. तिकडून पॅनल लावलेलं नाही ना, सगळा गारवा इकडेच येतो. भिंत सारखी पाझरते. हात लावून बघा."

एकही शब्द खोटा नव्हता. चष्मेवाल्याने खरंच आत येऊन भिंतीला हात लावला, बोटं हुंगली आणि रुमालाला पुसली. पोहे तसेच राहिले. गाडी वळली तेव्हा भाऊ अंगणात एकटाच उभा होता.

"माझं वाटोळं केलंस तू!" तो ओरडला.

"मी ऊन खात होते," मी म्हणाले.

संध्याकाळी त्याने स्वतः पत्रा काढला आणि वायर जोडली. मी आभार मानले नाहीत. पुढे पावसाळ्याआधी मी माझ्या नावाचा मीटर घेतला. अजगरीने कात टाकली, सबंध, कुठेही न फाटलेली; ती पुरती बरी झाली होती.

भावजय मात्र पातेलं घेऊन परत आली नाही. एकदा विहिरीवर भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, "वन्सं, त्या गाडीवर माझ्या पोरांची आस होती." तिच्यासाठी मला वाईट वाटलं, आजही वाटतं. त्याच्यासाठी वाटावं म्हणून मी प्रयत्नही केला नाही. तो माणूस उतरलेल्या चेहऱ्याने गाडीकडे बघत होता, ते आठवलं की अजूनही माझ्या छातीत गोड काहीतरी पसरतं.

पुढच्या भाऊबीजेला तो आला. नवा शर्ट, हातात नारळ, चपला काढून माझ्या उंबऱ्याशी थांबला. मी पाट उचलला आणि बाहेर, अंगणात मांडला. तो पाटाकडे बघत राहिला, मग बसला. मी त्याला कुंकू लावलं, ओवाळलं, करंजी भरवली. आत ये म्हटलं नाही.