फॅमिली म्हणजे कोण?

ओल्या ऑइलपेंटचा, नव्या काचांभोवती भरलेल्या लांबीचा आणि कुठेतरी आत तुपात परतल्या जाणाऱ्या काजूंचा असा एक संमिश्र गंध त्या हिवाळ्यात आमच्या विद्यानगरच्या गल्लीत रोज संध्याकाळी दरवळू लागला, आणि कपड्यांच्या घड्या घालता घालता मी खिडकीशी थबकू लागले. कोपऱ्यावरच्या इमारतीत पूर्वी सायकलींचं एक उदास दुकान होतं. ते बंद झालं, दारावर पांढरं कापड लागलं आणि कापडाआड रात्रंदिवस हातोडे चालू लागले. ते दिवसच तसे होते. पाठ वळवून पुन्हा पाहावं तर रस्त्यावर काहीतरी नवं उभं असे. कुठे पिवळ्या रंगाचं टेलिफोन बूथ, कुठे गच्चीवरून गच्चीवर गेलेली केबलची काळी तार, कुठे परदेशी शीतपेयाचं लालभडक फ्रीज. सारं शहर जणू नवे कपडे घालून कुठेतरी निघायच्या तयारीत होतं, आणि मी मात्र दहा महिने घरात होते.

तुम्हाला आधी माझ्याविषयी सांगायला हवं. माझे आजोबा उदगीरकडचे, निजामाच्या काळातले शेतकरी. वडील नोकरीसाठी हैदराबादेत आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मराठी, रस्त्यावर दखनी आणि भाजीबाजारात तेलुगू. माझी चार वर्षांची मुक्ता तर या तिन्ही भाषा एकाच वाक्यात नांदवायची. तिच्या पाठीवर दहा महिन्यांपूर्वी अनीश झाला तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. हे कुकटपल्लीच्या एका कारखान्यात. सकाळी सातला स्कूटर निघायची ती अंधार पडता परत यायची. मधल्या काळात दूध, दुपटी, शाळेचा डबा, पुन्हा दूध. मला दुःख नव्हतं. मुलं गोड होती, नवरा समंजस होता. पण जग इतक्या उत्साहाने बदलत असताना आपण ते फक्त खिडकीतून पाहावं, याची एक बारीकशी चुरचुर मनाला लागून होती.

मग एके दिवशी पांढरं कापड उतरलं. आत काचेचं दार, दारावर पितळी मूठ, आणि वर इंग्रजी, तेलुगू आणि उर्दू अशा तीन लिप्यांत झळकणारी पाटी: ए.सी. फॅमिली रेस्टॉरंट. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुसरा विषय नव्हता. लहान मुलांना घेऊन तिथे जाता येईल का, यावर दोरीवरचे वाळलेले कपडे काढता काढता आम्हा बायकांचं एक मोठं चर्चासत्रच झालं. खालच्या मजल्यावरच्या सुगुणाक्का म्हणाल्या, एसीने पोरं आजारी पडतील. कुणाला तिखटाची धास्ती, कुणाला जिन्याची. शेवटी ठरलं की येत्या रविवारी माझ्या लग्नाला सहा वर्षं होतात, तेव्हा मीच आधी जाऊन यावं आणि सगळ्यांना सांगावं. एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखी मी आठवडाभर हरखून होते. पेटीतून निळी सिल्कची साडी काढली, मुक्ताच्या फ्रॉकला नवी लेस लावली, आणि हे हसले तरी मी लक्ष दिलं नाही.

त्या पाटीवरच्या ‘फॅमिली’ या शब्दाचा विचार मात्र मी तेव्हा केला नव्हता. आमच्या शहरात या शब्दाची एक वेगळीच कुळकथा आहे. माझ्या लहानपणी इराण्याच्या हॉटेलात पुढे पुरुष बसत आणि मागे पडदे लावलेल्या दोनतीन खोल्या असत. त्यांवर लिहिलेलं असे, फॅमिली रूम. ‘फॅमिली साथ में है क्या?’ असं वेटरने विचारलं की त्याचा अर्थ एवढाच, की सोबत बाई आहे का? बाई असेल तर पडद्याआड जा. शब्द कुटुंबाचा, पण त्याच्या पोटात आजी नव्हती, आजोबा नव्हते, आणि रांगतं मूल तर नव्हतंच नव्हतं. किती वर्षं आपण एखादा शब्द वाचतो, उच्चारतो, आणि त्यात आपल्याला खरंच जागा आहे का हे कधी विचारत नाही!

रविवारी सात वाजता आम्ही चौघं दारात उभे राहिलो. दार उघडताच थंड हवेची झुळूक चेहऱ्यावर आली आणि मुक्ताने डोळे मिटून दोन्ही हात पसरले. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, पंख्यासारख्या घडी घातलेले कागदी रुमाल, उंच देठांचे काचेचे ग्लास. मी क्षणभर आमच्याच गल्लीत आहे हे विसरले. वेटरने आम्हाला पाहिलं, अदबीने मान लववली आणि वर बोट दाखवलं. फॅमिली वर. वर जायला लोखंडी गोल जिना होता, अरुंद आणि चढा. एका हातात अनीश, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, मागून मुक्ताला धरलेले हे, अशी आमची वरात वर पोहोचली. तिथे प्लायवुडच्या पातळ भिंतींचे कप्पे आणि त्यांना मरून रंगाचे पडदे. खुर्च्या जड, टेबल उंच. मुक्ताची हनुवटी जेमतेम टेबलाला टेकत होती. अनीशला बसवायला जागाच नव्हती, म्हणून तो माझ्या मांडीवर.

पुढचं सगळं पाचदहा मिनिटांत घडलं. टोमॅटो सूप आलं, वाफाळणारं. सूप कसं दिसतं हे पाहायला मुक्ताने टेबलक्लॉथ धरून स्वतःला वर ओढलं, आणि कापडाबरोबर सूपही तिच्याकडे आलं. ह्यांनी चपळाईने तिला मागे खेचलं म्हणून ती वाचली. चार थेंब मनगटावर उडाले तेवढेच. पण वाडगा फुटला, ग्लास फुटले, सूप फरशीवर पसरलं. मुक्ता भीतीने रडू लागली आणि तिचं ऐकून अनीशने सूर लावला. तो भुकेला होता, त्याला दूध हवं होतं, आणि वेटर काचा वेचायला पडदा सताड उघडा टाकून बसला होता. तेवढ्यात पलीकडच्या कप्प्यातून एका पुरुषाचा वैतागलेला आवाज आला: “इत्ते छोटे बच्चों कू लेको होटल कू कायकू आते की.”

वेटरने मान खाली घातली. बिर्याणी यायची होती, पण मी उठले.

मुक्ताच्या मनगटाला घरी येऊन थंड पाणी लावलं. डाग उरला नाही. वाटेत ह्यांनी मात्र एक वाक्य म्हटलं होतं, तेही माझी समजूत काढण्यासाठीच. “मुलं थोडी मोठी होऊ देत,” ते म्हणाले, “मग जाऊ आपण. तोवर नको.” अनीशला घेऊन त्यांच्या मागोमाग चालता चालता मी विचार करू लागले. मोठी म्हणजे केवढी? अनीश पाच वर्षांचा होईतो? म्हणजे या बदलत्या, झगमगत्या शहरात मी आणखी चार वर्षांनी उतरायचं? आणि गच्चीवर वाट पाहणाऱ्या त्या चौघीजणींना उद्या सांगायचं, की आपल्यासाठी नाही ते?

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता मुक्ता शाळेत असताना मी अनीशला कडेवर घेतलं आणि कोपऱ्यावर गेले. ती वेळ हॉटेलच्या विसाव्याची. खुर्च्या उलट्या टेबलांवर चढवलेल्या, फरशी ओली. काउंटरशी मालक बसले होते, हमीदभाई. पन्नाशी ओलांडलेले, मेंदीने लाल केलेली दाढी, पांढरा स्वच्छ कुर्ता. मला ओळखून ते लगबगीने उभे राहिले. कालच्या प्रकाराबद्दल त्यांनी माफी मागितली, मुलीचा हात कसा आहे विचारलं, आणि आज माझ्याकडून घरी बिर्याणी घेऊन जा म्हणाले. मी तक्रार घेऊन आलेय असं त्यांना वाटलं होतं. मी काय घेऊन आले होते हे माझं मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. घरून जुळवून आणलेली वाक्यं तर दारातच विसरली होती. मग मी अनीशला उचललं आणि त्यांच्यासमोर काउंटरवर बसवलं.

“बोर्ड पो फॅमिली लिखे ना,” मी म्हटलं, “ये मेरी फॅमिली है. इसकू कहाँ बिठाऊँ, बोलो.”

हमीदभाई अनीशकडे पाहत राहिले. अनीशने त्यांच्या पेनाचं टोपण पकडून तोंडात घातलं. मला वाटलं, रागावले. मग त्यांनी ते टोपण हळूच काढून घेतलं आणि सांगू लागले. आखातातल्या एका मोठ्या हॉटेलात ते बारा वर्षं होते. तिथे लहान मुलांसाठी उंच पायांच्या खुर्च्या असत, पुढे छोटीशी फळी, कमरेला पट्टा. दारातून मूल आलं की खुर्ची उचलून आणायची आणि त्याला बसवायचं, हे त्यांचं काम. स्वतःची तीन मुलं इथे, हैदराबादेत. दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याची सुट्टी. “बारा साल मैं दुसरों के बच्चों कू कुर्सी पो बिठाया, बेटी,” ते म्हणाले. “मेरे बच्चे मेरे बगैर बडे होगए. अपना होटल डाला, और येईच बात भूल गया.”

त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, आणि काउंटरवरची ऑर्डरची वही उलटी करून मागचं कोरं पान माझ्यासमोर ठेवलं. “अब बोलो. क्या क्या होना?”

तुम्हाला खोटं वाटेल, पण मला कुणी असं कधी विचारलंच नव्हतं. मी बोलत सुटले. मुलांच्या टेबलावर कापड नको. काचेऐवजी स्टीलचे ग्लास. मुलं असतील त्यांना जिना चढायला लावू नका, खालचा भिंतीकडचा कोपरा द्या. मोठ्यांचं जेवण यायच्या आधी मुगाची मऊ खिचडी किंवा दहीभात द्या, कारण मूल भुकेलं असलं की त्याला मेनूकार्ड वाचता येत नाही. आणि आईला पाजायला एक पडद्याची जागा असू द्या. वरचा एक पडदा खाली आणा, तो कामी येऊ दे. हमीदभाई सारं उर्दूत लिहून घेत होते, उजवीकडून डावीकडे, आणि प्रत्येक ओळीनंतर ‘हौ’ म्हणत होते. खुर्चीपाशी मात्र आम्ही अडलो. तशी खुर्ची शहरात कुठे मिळते, त्यांना ठाऊक नव्हतं. मागच्या दाराचं काम अजून चालूच होतं, तिथून त्यांनी सुताराला हाक मारली. यादगिरी त्याचं नाव. तो आला, हमीदभाईंनी हवेत हात फिरवून खुर्ची काढून दाखवली, आणि यादगिरीने काही न बोलता कानावरची पेन्सिल काढून अनीशचं माप घ्यायला सुरुवात केली. गुडघ्यापासून टाचेपर्यंत, पाठ, कंबर. अनीश टेप ओढत खिदळत होता. एखाद्या राजपुत्राच्या सिंहासनासाठी माप घ्यावं इतक्या गांभीर्याने ते काम चाललं होतं, आणि मी ओल्या फरशीवर चप्पल हातात घेऊन उभी राहून हसत होते.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. ते आधी चकित झाले, मग मुक्ताचं मनगट उजेडात धरून पाहू लागले. शेवटी म्हणाले, काल मी ते म्हणायला नको होतं.

तिसऱ्या रविवारी आमच्या इमारतीतून चार कुटुंबं निघाली. सुगुणाक्का एसीच्या भीतीने नातवाला कानटोपी घालून आल्या होत्या. खालच्या कोपऱ्यात दोन बुटकी टेबलं, स्टीलचे ग्लास, भिंतीशी मरून पडदा, आणि मधोमध ती खुर्ची. सागवानी, पॉलिश केलेली, आणि इतकी जड की वेटरला ती दोन्ही हातांनी ओढावी लागे. मुक्ताने खिचडीची थाळी येताच वेटरला स्वतःच सांगितलं, ‘अंकल, पेरुगु भी लाओ, थोडंसं.’ तेलुगूतलं दही, दखनीतली आज्ञा आणि मराठीतला संकोच. सगळं टेबल हसलं आणि दही आलं. आता ती जागा लहान मुलांसाठी अगदी सोयीची झाली का? नाही, तसं म्हणणार नाही. एसीचा झोत नेमका त्याच कोपऱ्यावर येत होता, आणि खिचडीत मिरी जरा जास्तच पडली होती. हमीदभाईंच्या वहीत दोन ओळी आणखी वाढल्या. अनीशही त्या सिंहासनावर जेमतेम पंधरा मिनिटं रमला. फळीवर खिचडी थापून झाली, चमचा तीनदा खाली टाकून झाला, आणि मग त्याने हात वर करून मला घे म्हणून कुरकुर सुरू केली. नेमका त्याच वेळी माझ्यासमोर नान आला, फुगलेला, लोणी पाघळणारा.

मी खुर्ची मागे सारून उठणार, तोच काउंटरवरून हमीदभाई आले. त्यांनी यादगिरीने खुर्चीला लावलेला पट्टा सोडला, खिचडीने माखलेल्या अनीशला आपल्या पांढऱ्या कुर्त्यावर घेतलं, आणि मला हाताने बसायची खूण केली.

“तुम खालो, बेटी. गरम है.”

ते त्याला घेऊन काचेच्या दाराशी जाऊन उभे राहिले आणि रस्त्यावरच्या बसेस दाखवू लागले. मी नानचा तुकडा मोडला, तेव्हा बोटांना चटका बसला, आणि माझ्या लक्षात आलं की दहा महिन्यांत मी एकही घास गरम खाल्ला नव्हता. रोज कुणीतरी रडायचं, रोज ताट झाकून ठेवायचं, आणि मला ते जाणवेनासंही झालं होतं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. काय झालं, त्यांनी विचारलं. काही नाही म्हटलं, चटका बसला. आणि मग मी घाई न करता, एकेक घास फुंकून, तो सबंध नान एकटीने खाल्ला.