मंगळवारची आई

धसईच्या बाजारात देवकी आणि बाईजा एकाच गोणपाटावर बसायच्या. दोघींची भाजी वेगळी, पण तराजू एक. दुपारी भाकरी सोडली की दोघींचं कालवणही एकाच ताटलीत. पाड्यावरच्या बाया म्हणत, या दोघींचं लग्न एकमेकींशीच लावायला हवं होतं.

देवकीचं खरं लग्न शहापूरजवळच्या सापगावात झालं होतं आणि पाच वर्षांत विस्कटलं होतं. नवरा वाईट नव्हता. तो कारखान्यातून वेळेवर आला की देवकी त्याच्या पायांवर पाणी घाली. तासभर उशीर झाला, की तोच माणूस तिला वैरी वाटे आणि त्याचं ताट उकिरड्यावर जाई. मग तीच त्याचे पाय धरून रडे, मला सोडून जाऊ नका म्हणे. १९९१ साली त्याने तिला माहेरी पोचवलं, तो पुन्हा न्यायला आला नाही. भाऊ ज्ञानेश्वर याने तिला घरामागची खोली दिली. त्या खोलीच्या ओट्यावरून बाईजाचं अंगण समोरच दिसे.

आपल्याला काय होतं, हे देवकीला सांगता येत नसे. बाईजा दुसऱ्या कुणाशी हसून बोलली तरी आता ही आपल्याला टाकणार, असं वाटे, आणि मग दिवसभर हातात काम ठरत नसे. बाईजाने हे ओळखलं होतं. कुठेही निघाली तरी ती ओट्याशी थांबून सांगून जाई, "येते गो, देवके." तेवढ्या हाकेवर देवकीचा दिवस निभावे.

१९९५ साली, भातं कापणीला आली असताना, बाईजाची पाच महिन्यांची मुलगी तापाने गेली. दहा दिवस झाल्यावर बाईजाचा भाऊ तिला थोरल्या लेकीसह माहेरी घेऊन गेला, तिकडे उंबरमाळीच्या डोंगरात. कुणाला सांगून जावं एवढं भान तिला राहिलं नव्हतं. सकाळी देवकी ओट्यावर आली, तर समोरच्या दाराला कडी. सव्वा महिना ती त्या कडीकडे बघत राहिली. तिला बाईजाचं दुःख दिसत नव्हतं असं नाही. पण त्या दुःखाच्या आड 'मला न सांगता गेली' एवढी एकच गोष्ट उभी होती, आणि ती रोज वाढत होती.

बाईजा परतली त्या दिवशी पाच-सहा बाया तिला भेटायला अंगणात जमल्या. देवकी आली ती केस मोकळे सुटलेली, थरथर कापत. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "तुझ्या मांडीवर पोर टिकायचं नाय. तूच खाल्लंस तिला."

मग म्हाताऱ्या ठकीने हात जोडले आणि म्हणाली, हे देवकीचं बोलणं नव्हे, आई आलीय तिच्या अंगात. कुणीतरी धावत जाऊन हळदकुंकू आणलं. आणि बाईजाने पुढे येऊन देवकीच्या पायांवर डोकं ठेवलं.

देवकीला त्या घडीला सगळं लख्ख कळत होतं. अंगात कुणी आलं नव्हतं, राग होता. पण तसं म्हटलं असतं तर त्या बोलण्याचं उत्तर तिलाच द्यावं लागलं असतं. तिने डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून दर मंगळवारी तिच्या खोलीपुढे चपला दिसू लागल्या. बाया नारळ घेऊन येत, "आई" म्हणत, प्रश्न विचारत, पाया पडून जात. गप्पा मारत बसायला कुणी थांबत नसे. भावजय गोजर पाणी ठेवता ठेवता म्हणे, "मंगळवारी आई आन् बुधवारी आमच्या डोक्याला ताप." ते खरं होतं. बुधवारी देवकी रिकाम्या खोलीत मनगटं जमिनीवर आपटून घेई, बांगड्या फुटेपर्यंत. नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बाजारात बाईजा दूर बसू लागली. देवीच्या शेजारी गोणपाट कोण टाकणार? मंगळवारी मात्र ती न चुकता येई, नारळ ठेवी, पायांवर डोकं टेकवी आणि मान खाली घालून परत जाई. तिने त्या दिवसापासून कुणाचंही पोर मांडीवर घेतलं नाही. बारशाला गेली तरी दाराशी उभी राही. देवकी हे बघत होती.

२००२ च्या उन्हाळ्यात अशाच एका बुधवारी देवकीने जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा प्रयत्न केला. ज्ञानेश्वर वेळेवर पोचला म्हणून ती वाचली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं की मुरबाडला एका संस्थेच्या खोलीत दर गुरुवारी ठाण्याहून नम्रता नावाच्या समुपदेशक बाई येतात, त्यांच्याकडे हिला न्या. गोळ्यांपेक्षा बोलण्याचा उपयोग होईल.

पहिले दोन महिने देवकीला नम्रताताईंसारखं जगात कुणी नव्हतं. काकड्या, करवंदं, अबोलीचा गजरा, काही ना काही घेऊन ती जाई. एका गुरुवारी ताई आजारी पडल्या आणि खोली बंद होती. पुढच्या गुरुवारी देवकी गेली ती फक्त एवढं सांगायला की आता मी येणार नाही. ताई म्हणाल्या, "तुम्हाला राग आला असेल, म्हणून आज मी लवकर येऊन बसलेय." असं आजवर कुणी केलं नव्हतं. देवकी बसली.

ताईंनी आजाराचं नाव सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी, म्हणजे जवळचं माणूस सोडून जाईल या भीतीने मन क्षणात टोकाला जाणं. ते नाव देवकीच्या तोंडात बसलं नाही. तिने ते आपल्या परीने समजून घेतलं. "पाणी सगळ्यांच्याच भातखाचरात येतं," ती म्हणाली, "माझ्या खाचराला बांध नाय." मग बांध घालणं सुरू झालं. मन उसळलं की गार पाण्याच्या कळशीत मनगटापर्यंत हात बुडवायचे, उसळी ओसरेपर्यंत जागचं उठायचं नाही, कुणाला काही बोलायचं नाही. कधी जमे, कधी कळशीच अंगणात जाई. ताई रागावत नसत, पुन्हा सांगत. वर्षभरानंतर एकदा देवकीने विचारलं, माझ्या अंगात देवी येते का? ताई म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? तुम्हालाच ठाऊक."

२००३ च्या दिवाळीनंतर बाईजाची थोरली लेक रुपाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. बाळाला न्हाऊ घालायला बाईजाने दुसऱ्या पाड्यावरची बाई लावली. रुपाली पडल्या पडल्या विचारी, आये, तू का नाय घेत त्याला? बाईजा काहीतरी काम काढून बाहेर जाई. हे सगळं ओट्यावर ऐकू येई. देवकीने दोन रात्री विचार केला. खरं सांगितलं तर मंगळवार जाणार होते, आणि बाईजाही. नाही सांगितलं, तर ते पोर आजीच्या मांडीवाचून वाढणार होतं.

पाचवीच्या पूजेला बाया जमल्या. देवकीला बघून त्यांनी पाट सरकवला. ती पाटावर बसली नाही. बाईजा दाराशी फुलांचं ताट घेऊन उभी होती, तिच्यापुढे जाऊन ती म्हणाली, "त्या दिवशी आई नव्हती आली. मीच बोलले ते. तू न सांगता गेलीस म्हणून जळत होते मी. तुझी पोर तापाने गेली, बाईजा. तुझ्या मांडीला काय सुदीक झालेलं नाय."

ठकी म्हणाली, "कोपंल गो आई."

"कोपू दे. माझ्यावर कोपंल."

बाईजाने ताट खाली ठेवायला फार वेळ लावला. "आठ वरसं पाया पडले तुझ्या," ती म्हणाली.

"हो."

"एका पोराला हात नाय लावला."

"हो."

"जा, देवके. माझ्या दारात उभी राहू नको."

पुढच्या मंगळवारी खोलीपुढे एकही चप्पल नव्हती. गोजरने विचारलं नाही, चहा तेवढा आणून दिला. गुरुवारी देवकीने नम्रताताईंना सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "तिनं मला नावानं हाक मारली."

दोन दिवसांनी, सकाळची उन्हं ओट्यावर आली होती. समोरच्या अंगणात बाईजा पाटावर पाय लांब करून बसली होती. नडग्यांवर बाळ पालथं. तिचा हात सरावलेला राहिला नव्हता. तांब्यातलं ऊन पाणी आधी आपल्या पायावर ओतून बघे, मग बाळाच्या पाठीवर. बाळ रडत होतं आणि ती पुटपुटत त्याला काही सांगत होती. तिने ओट्याकडे एकदाही पाहिलं नाही.

देवकीचं मन उसळलं. आत्ता उठावं, अंगणात जावं, काहीतरी बोलावं, निदान रडावं. तिने कळशी जवळ ओढली आणि दोन्ही हात आत घातले. बाळाला पदरात गुंडाळून बाईजा आत गेली, दार लागलं. देवकी तशीच बसून राहिली, कळशीतलं पाणी कोमट होईपर्यंत.