बेंगळुरूच्या स्टेडियमात एक रुपया नेता येत नाही

आमच्या कोल्हापुरात फुटबॉलची मॅच बघायला तीस रुपये आणि एक धड घसा लागतो. तीस रुपये गेटवर द्यायचे, घसा आत गेल्यावर. तेवढ्यात गोल, शिव्या, भडंग आणि ओळखीच्या निम्म्या गावाची भेट, सगळं आलं. अशा गावात राहणारी शहाणी माणसं मॅच बघायला सहाशे किलोमीटर लांब बेंगळुरूला जात नाहीत. मी आणि माझे वडील गेलो, यावरून आमच्या शहाणपणाचा अंदाज घ्या.

कारण होतं विक्या. कागदोपत्री विक्रांत, पण आमच्या गल्लीत कागदोपत्री कुणी कुणाला हाक मारत नाही. माझे वडील, म्हणजे आबा, पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झाले, पण अख्खी पेठ त्यांना वस्ताद म्हणते, कारण तालमीच्या फुटबॉल संघातल्या पोरांना खेळ शिकवण्यात त्यांची हयात गेली. विक्या त्यांच्या हाताखालचा. यंदा त्याला टीव्हीवर दिसणाऱ्या एका बड्या क्लबनं घेतलं. आम्हीही त्याला टीव्हीवर खूप बघितलं. कधी बाकावर पाणी पिताना, कधी बाकावर लेस बांधताना. मैदानात मात्र एकदाही नाही.

मग एका आठवड्यात त्याच्या जागेवर खेळणाऱ्या एकाचा गुडघा गेला आणि दुसऱ्याला लाल कार्ड मिळालं. पुढची मॅच बेंगळुरूला. आबा चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "आता उतरवतील त्याला. जाऊया."

"आबा, टीव्हीवर दिसंल की."

"टीव्हीवर बक्षीस कसं पुकारणार?"

हे बक्षीस प्रकरण बाहेरच्यांना सांगावं लागेल. आमच्याकडे एखादा पोरगा चांगला खेळला की प्रेक्षकांतलं कुणीतरी उठतं, माईकवाल्याच्या टेबलापाशी जातं, नोट देतं आणि नाव सांगतं. मग माईकवरून पुकारतात, "अमक्यांच्या वतीनं सात नंबरच्या खेळाडूस रोख रुपये एकशे एक!" मॅच चालू असतानाच. पोरगं बॉल घेऊन पळत असलं तरी त्याचा कान तिकडंच असतो. रक्कम कितीही असो, शेवटी वरचा एक हवाच, शून्यावर संपलेलं बक्षीस आमच्यात चालत नाही. आणि आबांच्या हाताखालचा पोरगा नव्या संघातून पहिल्यांदा उतरला की आबांचं बक्षीस त्याच दिवशी, त्याच मैदानावर पुकारायचं, हा त्यांचा नेम. "मागनं दिलं तर ती उधारी," असं ते म्हणतात. विक्यासाठी त्यांनी पाचशे एक ठरवले. पाचशेची कोरी नोट, एक रुपयाचं नाणं, दोन्ही खिशात घालून वर सेफ्टी पिन.

"विक्याला फोन करा, पास देईल," मी म्हटलं.

"आपल्या पोराची मॅच फुकट बघायची? आणि त्याला सांगायचं न्हाई आपण येतोय म्हणून. उगाच पाय थरथरतील त्याचे."

तर तिकीट विकत. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी सांगते, तिकीट फक्त मोबाईलवरच मिळतं. सगळ्यात स्वस्त चारशे नव्व्याण्णव. वर सुविधा शुल्क. सुविधा कसली, तर तिकीट काढण्याचं सगळं काम आपणच केलं ही. मग त्या शुल्कावर कर. पाहुण्या संघाच्या लोकांसाठी वेगळा कोपरा होता आणि त्याचा दर तिप्पट होता. पाहुण्यांना लुबाडायची ही रीत मला लग्नाच्या हॉलवाल्यांकडून माहीत होती, पण खेळातही आहे हे नवीन कळलं. मी म्हटलं, गवत तेच, बॉल तोच. स्वस्तातली तीन काढली. तिसरं अक्काचं.

अक्का म्हणजे माझ्या आईची मावसबहीण. नात्यानं मावशी, पण तिला सगळं जग अक्का म्हणतं. बेंगळुरूत चामराजपेटला राहते. तिच्या घराण्यातले लोक तीन-चारशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून तिकडं गेले आणि तिथलेच झाले. त्यांचा खर्च काय आला माहीत नाही. आम्हाला स्लीपर बसचे शुक्रवारचे माणशी चौदाशे पडले. हीच बस मंगळवारी नऊशेला असते, पण फुटबॉलवाल्यांना मंगळवार सुचत नाही. रस्ता मात्र लोण्यासारखा. सकाळी यशवंतपूरला उतरा आणि तिथून मेट्रोची हिरवी लाइन पकडून अक्काच्या घराजवळच्या मार्केट स्टेशनला या. रिक्षावाल्याला चुकूनही विचारू नका. मी विचारलं. तो म्हणाला साडेतीनशे. मी म्हटलं, रिक्षा विकत नकोय.

अक्कानं दारातच कॉफी दिली. "या दाजी, प्रवास सरी झाला की? स्वल्प बसा, दोसे घालते." तिचं मराठी असंच आहे, मधूनमधून कानडीला वाट देणारं, आणि कानाला फार गोड लागतं. दोसे किती खाल्ले ते लिहीत नाही, कारण हा ब्लॉग माझी नणंद वाचते. आबांनी अक्काला सगळी हकीकत सांगितली. अक्काला फुटबॉलातलं ओ की ठो कळत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, देवापुढचा एक रुपया उचलला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. "पोरगा उतरला तर उद्या मारुतीला घालते."

संध्याकाळी स्टेडियमवर पोचलो. गेटवर माणूस नव्हे, विमानतळ उभा होता. आधी माझं फ्लेक्स गेलं. माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे, तेव्हा विक्यासाठी फ्लेक्स नेणं हे माझं कर्तव्यच होतं. "परमिशन का ईमेल?" रक्षकानं विचारलं. आमच्याकडे वाढदिवसाला चौक झाकतात तेव्हा कुणी पोस्टकार्डसुद्धा मागत नाही. मग माझी पाण्याची बाटली गेली, मग आबांची चुन्याची डबी. मग त्यानं खिशाची सेफ्टी पिन काढायला लावली आणि नाणं उचललं.

"सर, कॉइन नहीं चलेगा."

"का?"

अक्कानं कानडीत विचारून सांगितलं, "मैदानावर फेकतात म्हणे, दाजी."

"रुपया फेकायला मी काय वरातीत आलोय?" आबांचा आवाज चढला. "अहो, बक्षिसाचा हाय तो!"

रक्षकानं नाणं एका बादलीत टाकलं. बादली नाण्यांनी निम्मी भरली होती. पाचशेची नोट मात्र त्यानं अदबीनं परत दिली. कागदाचा मार लागत नाही ना. आबा पाचशे घेऊन आत आले, पण चेहरा असा, जसं काही पाकीट मारलंय.

"आत सुट्टे मिळतील," मी म्हटलं. काय भाबडी बाई आहे मी! आत पाणी कागदी पेल्यातून पन्नास रुपयांना, पॉपकॉर्न अडीचशेला, मफलर सातशेला. आणि सगळं मोबाईल दाखवून. मी तीन स्टॉलवर एक रुपयाचं नाणं मागितलं. एका पोरानं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्याकडे चिंचोके मागतेय. लाखोंची उलाढाल चाललेल्या त्या जागेत एक रुपया नव्हता!

आणि आमची जागा. स्वस्त तिकीट का स्वस्त होतं ते बसल्यावर कळलं. आम्ही यजमान संघाच्या सगळ्यात कडव्या पाठीराख्यांच्या मधोमध होतो. ढोल, झेंडे, आणि कठड्यावर मैदानाकडे पाठ करून उभा असलेला एक दाढीवाला पोरगा, हातात भोंगा. तो सगळ्यांकडून घोषणा वदवून घेत होता. त्याला सगळे चरण म्हणत होते. तिकीट काढून यायचं आणि अख्खी मॅच पाठ फिरवून उभं राहायचं, याला भक्ती म्हणतात. मला त्याचा आदर वाटला. भीतीही वाटली, कारण आबांना गप्प बसता येत नाही.

मध्यंतरापर्यंत यजमान दोन गोलांनी पुढे होते आणि विक्या नेहमीप्रमाणे बाकावर होता. आबा उठले. "माईकवाल्याला गाठून ठेवतो. रुपयाचं मागनं बघू." मीही मागे गेले. एका रक्षकानं दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्यानं जिन्यावर, जिन्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक गोड पोरगी भेटली. मी तिला हिंदीत समजावलं की आम्हाला एका खेळाडूला बक्षीस जाहीर करायचंय.

"ओह, स्पॉन्सरशिप!" ती म्हणाली. "मार्केटिंगला मेल करा ना. मिनिमम पॅकेज ते सांगतील."

आबांनी पाचशेची नोट बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि मागे वळले. इथं आमच्याकडून पैसे घ्यायला पावलोपावली माणूस बसवला होता आणि जे पैसे आम्हाला मनापासून द्यायचे होते, ते घ्यायला कुणी नव्हतं. मला रागानं रडू यायचं बाकी राहिलं होतं. आबा जिना उतरताना एवढंच म्हणाले, "उगाच आणलं तुला."

मॅच संपत आली, लोक विजयाची गाणी म्हणायला लागले, आणि पलीकडच्या रेषेवर चौथ्या पंचानं पाटी वर केली. बाकावरून विक्या उठला.

"विक्याऽऽ! भावा, नाद खुळा!"

हे आबा. यजमानांच्या गोटात, उभे राहून, दोन्ही हात वर करून. ढोल थांबला. शे-दोनशे डोकी आमच्याकडे वळली. मी मनातल्या मनात मारुतीचं नाव घेतलं. चरण भोंगा खाली करून बघतच राहिला.

तेवढ्यात अक्का उठली. निवृत्त शाळामास्तरीण ती, तिच्यापुढे कडवे पाठीराखे म्हणजे चौथीचा वर्ग. पायऱ्या उतरून ती थेट चरणपाशी गेली आणि कानडीत बोलत सुटली. मला कळले ते एवढेच शब्द, कोल्हापूर, वस्ताद, आणि चरणला उद्देशून दर वाक्याला "अण्णा". चरण आधी हसला. मग त्यानं काहीतरी विचारलं. अक्का आमच्याकडे वळून ओरडली, "दाजी, तो विचारतो, गोल कुठे मारला त्यानं? बक्षीस कशाचं?"

"उतरला ना मैदानात!" आबा ओरडले. "त्याचंच!"

अक्कानं ते सांगितलं. चरणनं आबांकडे नीट बघितलं. दोन गोलांनी पुढे असलेला माणूस उदार असतो हे मान्य, पण त्याच्या चेहऱ्यावर त्याहून काहीतरी जास्त होतं. त्यानं भोंगा उचलला आणि कानडीत पुकारायला लागला. कोल्हापूर आलं, वस्ताद आलं, मग अक्काकडून ऐकलेलं मराठी "पाचशे रुपये" आलं.

"पाचशे एक!" आबा तडकले. "पाचशे एक म्हण त्याला! आणि थांब, एक न्हाई माझ्याकडं."

अक्कानं सांगताच चरणनं भोंग्यातून सगळ्यांना विचारलं, "यार हत्तिर ओंदु रूपायी इदे?" एक रुपया आहे का कुणाकडे? लोक खिसे चाचपायला लागले. कुणाकडे कसा असणार, सगळ्यांचे बादलीत.

अक्कानं पदर पुढे घेतला आणि दातानं गाठ सोडवली.

"अक्का, मारुतीचा ना तो?" मी म्हटलं.

"मारुतीकडे सुट्टे पुष्कळ आहेत. त्याला उद्या दुसरा देते."

आबांनी नोट आणि नाणं एका हातात धरून वर केलं. चरणनं त्यांच्याकडून ते शब्द दोनदा म्हणवून घेतले, मग भोंगा तोंडाला लावला. "पाऽचशे एऽक!" ढोलवाल्याला ताल सापडला. आणि मग, देवाशप्पथ सांगते, ज्यांना त्याचा अर्थ ठाऊक नाही अशी ती सगळी माणसं, स्वतःच्या संघाचे झेंडे हलवत, विरोधी संघाच्या पोरासाठी ओरडायला लागली. "पाचशे एक! पाचशे एक!"

एव्हाना विक्या धावत आमच्याच बाजूच्या रेषेवर आला होता. त्याची मान गर्रकन वळली. त्यानं इतक्या गर्दीत काय बघितलं देव जाणे, पण खाली वाकून गवताला हात लावला आणि कपाळाला नेला. त्याच वेळी बॉल त्याच्या पायाजवळून बाहेर गेला. त्यानंतर त्याला बॉल मोजून तीनदा मिळाला आणि दोनदा त्यानं तो यजमानांना दिला. आबा रडत होते आणि रडता रडता शिव्या देत होते, "डावा पाय, अरे डावा पाय वापर!"

विक्याचा संघ मॅच हरला. खेळाडूंची बस जाळीआडून निघून गेली, भेट नाही. गेटवर बादली तशीच होती. रक्षक म्हणाला, घ्या तुमचा रुपया. आबा म्हणाले, "राहू दे." चुन्याची डबी तेवढी घेतली.

घरी येऊन मी हिशोब केला. बस, तिकिटं, मेट्रो, शेवटी झक मारत केलेली रिक्षा, पन्नासच्या पाण्याचे पेले, अक्काला साडी. सगळे मिळून दहा हजारांच्या घरात गेले, पाचशे एक रुपयांचं बक्षीस द्यायला, आणि तेही अजून दिलेलं नाही. तुम्हाला जायचं असेल तर जरूर जा. पाहुण्यांचं महागडं तिकीट मात्र काढू नका.

सोमवारी विक्याचा फोन आला. आबांनी स्पीकर लावला.

"वस्ताद, तुम्ही आलता."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. तो भोंगेवाला कानडीत काय बोलत होता, कायबी कळलं न्हाई. मग पाचशे एक ऐकलं." "पाचशे म्हटला असता तर मी वळून बघितलंच नसतं."

आबा डोळे पुसायला लागले, म्हणून मी मध्ये पडले. "विक्या, पैसे मोबाईलवर टाकू काय रे?"

"न्हाई!" दोघंही एकदम ओरडले.

आता पाचशेची नोट आणि अक्काचा रुपया देवघरात ठेवलाय. विक्या मे महिन्यात येणार आहे. काल दूधवाल्याला द्यायला एक रुपया कमी पडत होता, मी देवघरातल्या रुपयाकडे हात नेला, तर आबा म्हणाले, त्याला दहाची नोट दे आणि सुट्टे त्याच्याकडंच राहू देत.