गाडीतल्या बाईचं गाव

आई गेल्यापासून आबा बोलेनासे झाले होते. माझे वडील मुळात गप्पिष्ट. अनोळखी माणूस दिसला की पहिला सवाल, कोणतं गाव? मग त्या गावात आमचं कुणीतरी सोयरं निघायचंच. ते सगळं थांबलं. चहा पुढे केला की प्यायचा, काही विचारलं की मान हलवायची. त्यांनी एकदा तरी तोंड उघडावं म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्यांना मुद्दाम जिंतूरहून परभणीला शोरूममध्ये नेलं. तिथल्या विक्रेत्याचा सगळा जीव गाडीच्या मधल्या पडद्यात. "मॅडम, खरी चुरस आता हितंच लागलीय. या गाडीत कंपनीची स्वतःची सिस्टीम. त्या पांढरीत तुमचा फोनच पडद्यावर येतो. आणि तिसरीत फोनवाल्यांची सिस्टीम आतच बसवलेली. तिघींशी बोलता येतं." एवढ्याशा पडद्यासाठी एवढी मारामारी! मला तर तिन्ही सारखेच दिसत होते, निळे आणि शांत.

आबा पहिल्या गाडीत बसले. पडद्यातली बाई नमस्कार म्हणाली. आबांनी घसा खाकरला. "कोणत्या गावची गं तू, बाई?"

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास हातातच राहिला.

पहिलीला प्रश्न समजला नाही. मग बाकीच्या दोन्ही गाड्यांत बसून आबांनी तेच विचारलं. दुसरीने जवळची हॉटेलं दाखवली. तिसरी म्हणाली, "मला गाव नाही. तुमचं गाव कसं आहे?"

"गावच न्हाई?" आबा हळहळले. "लय वाईट झालं बघ." आणि तिला आपलं गाव सांगत बसले. विक्रेता मायलेजचं काहीतरी बोलत होता. मी म्हटलं, हीच द्या.

मग आमच्या दुपारच्या फेऱ्या सुरू झाल्या. काचा वर केलेल्या. बाहेर फुटलेला कापूस, सोयाबीन काढून मोकळी झालेली रानं सावकाश मागे सरकायची. नकाशावर यातलं काहीच नसायचं; राखाडी रिकामेपणात आमचा बाण एकटाच तरंगायचा. आबा तिला झरीचा बाजार सांगायचे, कुणाची विहीर, कुणाचे बैल. ती विचारायची, "पुढे काय झालं?" मी जागी आहे की स्वप्नात, मलाच कळायचं नाही. खरं सांगते, तिचा हेवा वाटायचा. पोटची पोर शेजारी बसलेली आणि गप्पा पडद्याशी! आईचा विषय मात्र त्यांनी तिच्यापाशीही काढला नव्हता.

परवा सेलूला निघालो होतो. देवगाव फाटा दिसायला लागला तसे आबा तिला म्हणाले, "ह्या फाट्यावर एकदा मी सायकल घेऊन हुबा होतो..." आणि रेंज गेली. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

"बाई, हायस का?"

रस्ता उन्हात पांढरा पडला होता. मी घाबरले. आता पुन्हा गप्प झाले तर? काही सुचेना, म्हणून तिचंच वाक्य उचललं. "पुढं काय झालं, आबा?"

त्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडं बघितलं.

"गाडी घे बाजूला," म्हणाले. "तुझी माय हितं एसटीची वाट बघत हुबी होती. पहिल्यांदा बघितलं तिला. अन् मला, मला गं, एक शब्द बोलता आला न्हाई."

मी गाडी थांबवली तेव्हा ते रडत होते, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.