डॅशबोर्ड उघडा होता ते दिवस

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आता, बायकोला न सांगितलेल्या चार-दोन गोष्टी प्रत्येक नवऱ्याकडे असतात, पण त्या ती कधी ना कधी शोधून काढते. ही तिला सापडली नाही. कुणालाच सापडली नाही. नात्यागोत्यात मी गोष्टी सांगणारा म्हणून ओळखला जातो. लग्नात, बारशात, तेरवीच्या पंगतीतसुद्धा लोक माझ्याभोवती कोंडाळं करतात. आणि दादाच्या गाडीची गोष्ट तर इतक्यांदा सांगून झाली आहे की पोरं माझं पुढचं वाक्य आधीच म्हणून मोकळी होतात. पण एका ठिकाणी आलो की मी ती गोष्ट हळूच वळवतो. आज वळवायची नाही, असं ठरवून बसलोय. जमतं का बघू.

तर आधी गाडी. तिच्याबद्दल बोलणं सोपं आहे.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा मी चड्डीत होतो आणि तो नुकताच एका सरकारी कचेरीत नकाशे काढायला लागला होता. त्यानंच मला वाढवलं. स्वतःसाठी म्हणून त्यानं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट केली — एका मँगनीज खाणीवरचा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. हिरवी, दोनच माणसांची, कापडी टपाची, आणि इतकी बुटकी की नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत ती शिरली की ओट्यावरच्या म्हाताऱ्या खाली वाकून बघायच्या. शेजारचे ठेंगडीकाका रोज विचारत, “काय गा, बसता का निजता तुम्ही हिच्यात?”

त्या गाडीत हीटर होता. हीटर — नागपुरात! मे महिन्यात आमच्याकडे गाडीच्या दाराला हात लावला तर फोड येतो. दादानं डॅशबोर्डखाली वाकून ती पेटी पाहिली — आत छोटं रेडिएटर, मागे पंखा — आणि त्याच्यातला नागपूरकर जागा झाला. आमच्या गावच्या माणसाला पेटी आणि पंखा एकत्र दिसला की त्याला कूलरच दिसतो. मीही म्हणालो, भर वाळा! (सल्ले द्यायला मी तेव्हाही तत्पर होतो.) आम्ही तिच्यात वाळा कोंबला आणि वरून तांब्याभर पाणी ओतत उन्हाळाभर फिरलो. वास छान यायचा. गारवा म्हणाल तर, मनाला वाटायचा. पावसाळ्यानंतर कळलं की आतलं रेडिएटर हिरवं पडून गळायला लागलंय, पंखा गंजून बसलाय, आणि वाळ्याची पेंड झालीये.

कुणाचं काय अडलं होतं म्हणा. हीटर कुणाला हवा होता?

तर तो वहिनींना हवा होता.

वहिनींचं माहेर छिंदवाड्याचं. सौंसर सोडलं, घाट चढला, की थंडी अंगावर येते. त्या वर्षी दिवाळीनंतर वहिनींना न्यूमोनिया झाला आणि छातीला वारं लागू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. डिसेंबरात माहेराहून निरोप आला — आईला बरं नाही, सवडीनं येऊन जा. सवडीनं. त्या शब्दानंच सगळा घात केला. छोट्या रेल्वेच्या खिडक्या बंद होत नसत, बस पहाटेची. आणि खरं सांगायचं तर वहिनींना त्या गाडीतूनच जायचं होतं. जावयाची गाडी आईनं पाहिली नव्हती. “दारात थांबवून दोनदा हॉर्न वाजवायचा,” त्या मला सांगायच्या, “मंग आई बाहीर येते का नाही पाह्यजा भाऊजी.”

म्हणून दादानं ठरवलं, हीटर आपणच दुरुस्त करायचा. त्यासाठी अख्खा डॅशबोर्ड काढावा लागतो. आणि डॅशबोर्डच्या आत जिथं हात घालायचा होता, तिथं दादाचा हात जात नव्हता. माझे हात म्हणजे शेवग्याच्या शेंगा.

इथं मला थोडं मागे जायला हवं. आलोच — टाळत नाहीये.

त्या उन्हाळ्यात मी बी.एस्सी.च्या शेवटच्या परीक्षेला बसलोच नव्हतो. घरून डबा घेऊन निघायचो आणि पेपराच्या वेळी सीताबर्डीत मॅटिनीला बसायचो. निकालाच्या दिवशी दादाला कळलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं माझ्याशी बोलणंच बंद केलं. एका घरात, एका पंगतीला बसून. जे काही असेल ते वहिनींच्या मार्फत — “त्याले म्हना, सायकल आत घे.” मी तिथंच, हातभर अंतरावर. वहिनी माझ्याकडे वळून म्हणायच्या, “भाऊजी, सायकल आत घ्या,” आणि मग दोघांकडे बघून, “टपालखात्यात मले नोकरी देऊन टाका वं बाई कोणी.” हसण्यावारी न्यायच्या बिचाऱ्या. पण ज्या माणसानं माझ्या चपलांची मापं लक्षात ठेवली, तो माझ्याकडे बघेना — ते कसं होतं, ते मला लिहिता येत नाही.

आणि मग त्या रविवारी, गल्लीत, गाडीच्या खाली अर्धा शिरलेला दादा हात बाहेर काढून म्हणाला, “अर्ध्याचा पाना दे.”

वहिनी तिथं नव्हत्या. म्हणजे ते मलाच होतं.

मी पाना दिला. मग पेचकस. मग तो म्हणाला, “हात घाल आत. कायले थांबून राहिला?” आणि मी घातला. स्टिअरिंगचे बोल्ट सैल केले, मीटरच्या मागची केबल सोडवली, एकेका वायरीला चिंधी बांधून खूण केली, आणि संध्याकाळी तो लाकडी डॅशबोर्ड दोघांनी मिळून, दोन बाजूंनी धरून, घरातल्या पलंगावर नेऊन ठेवला. आजारी माणसासारखा. त्यावर वहिनी म्हणाल्या, “अन् आपन कुठं निजाचं?” दादा हसला. माझ्याकडे बघून हसला.

त्यानंतरच्या संध्याकाळी — मी काय सांगू तुम्हाला? कचेरीतून आला की तो चहा उभ्यानंच पिऊन गाडीशी यायचा. बोलायचा. वडील गेले त्या रात्री त्याला वाटलं होतं, आपण पळून जावं, हे त्यानं मला तिथं सांगितलं, गाडीखाली पडून, माझ्याकडे न बघता. “मंग तुले पाह्यलं. तू चादरीत मुतून ठेवलं होतं. म्हटलं, आता चादर कोन धुवन?” अशा गोष्टी. परीक्षेबद्दल एकदाच बोलला — पुन्हा बस. मी म्हटलं, बसतो. झालं, संपलं. पण फक्त गाडीशी. घरात आलो की तो पुन्हा वहिनींनाच सांगायचा, त्याले वाढ म्हणून. उंबऱ्याच्या आत त्याचा राग तसाच बसून होता.

दुरुस्तीला टाकलेलं रेडिएटर गळक्या जागी डाग मारून परत आलं. पंखा फिरायला लागला. दादा म्हणाला, “उद्या हे बसवू, डॅशबोर्ड चढवू. परवा निघतो आम्ही.” वहिनींनी आईसाठी संत्र्यांची करंडी आणून ठेवली होती, आणि त्या रोज संध्याकाळी दारात येऊन विचारायच्या, “झालं का जी?” त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसतं ऐकलं आणि आत गेल्या. आतून बांगड्यांचा आवाज येत राहिला. त्या पेटी भरत होत्या.

इंजिनातल्या गरम पाण्याची नळी रेडिएटरला जोडायला एक पितळी एल्बो होता. नळाच्या कामात असतो तसाच काटकोनात वाकलेला तुकडा, अंगठ्याएवढा. फक्त त्याचे आटे विलायती. तो नसेल तर हीटरला पाणी जात नाही. दादा हात धुवायला गेला होता आणि मी सामान वाटीत भरत होतो. एल्बो माझ्या हातात होता.

डॅशबोर्ड चढला की हे संपलं. एवढंच मनात आलं. फार मोठा विचार नव्हता हो तो.

मी एल्बो खिशात घातला.

एक दिवस, असं म्हटलं होतं. एक संध्याकाळ जास्तीची. दुसऱ्या दिवशी दादा शोधायला लागला. आधी वाटीत, मग सीटखाली, मग सगळी गल्ली त्यानं झाडून काढली आणि तो कचरा चाळणीनं चाळला — पिठाची चाळणी, वहिनींनी आणून दिली. ठेंगडीकाका ओट्यावरून म्हणाले, “सोनं सांडलं का?” मीही शोधत होतो. गुडघ्यांवर बसून, बॅटरी धरून, त्याच्या शेजारी. हे लिहिताना हात थांबतो. बॅटरी धरून! दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता, “माह्याच हातून पडला. काल मी शेवटी उचलला होता.” त्यानं उचलला नव्हता. तरी त्याला तसं आठवायलाही लागलं होतं.

मग लेथवाल्याकडून एक एल्बो घडवून घेतला. आटे बसले नाहीत. दुसरा घडवला. तो गळला. सीताबर्डीतली नळाच्या सामानाची दुकानं आम्ही दोघांनी एका सायकलवर पालथी घातली, डबल सीट. मी मागे बसून त्याच्या पाठीशी बोलत होतो आणि तो पुढून उत्तरं देत होता. त्या आठवड्यात माझ्यासारखा सुखी माणूस नागपुरात दुसरा नसेल. लाज वाटते, पण खोटं कसं लिहू? रोज वाटायचं, आज देऊ — सीटच्या फटीत सापडला म्हणू. रोज तो जरा जास्त बोलायचा, आणि मी म्हणायचो, उद्या. इकडे करंडीतली संत्री वहिनी रोज वरखाली करत होत्या, नरम झालेली बाजूला काढत होत्या. “आई वाट पाहून राहिली असन,” त्या म्हणाल्या. मला म्हणाल्या. मी म्हटलं, होईल वहिनी, होईल.

मग तार आली. लवकर या, एवढीच.

दादानं दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून हीटर वगळून टाकला, मीटर वायरींसकट दोरीनं बांधले, आणि डॅशबोर्ड पलंगावरच ठेवून ते निघाले. वहिनींच्या अंगावर दादाचा कोट, त्यावर घोंगडी, आणि छातीशी घडी करून घातलेले वर्तमानपत्राचे कागद. गाडीत दोघांचीच जागा. मी दार लावलं. एल्बो खिशात होता. तेव्हा दिला असता तरी बसवायला अख्खा दिवस गेला असता, हे खरं आहे. पण मी ते तेव्हा मोजलंच नव्हतं. मी नुसता घाबरलो होतो.

ते पोचले तेव्हा सगळे स्मशानघाटावरून परत आले होते. वहिनींची भावजय त्यांना म्हणाली, शेवटचे दोन दिवस आई विचारत होत्या — गाडी वाजली का? गाडी वाजली का?

परत आल्यावर वहिनी महिनाभर अंथरुणावर होत्या. दादाला त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर... जाऊ द्या. पुढच्या उन्हाळ्याच्या आत गाडी विकली. पाने, पेचकस, सगळं दादानं गाडीबरोबर देऊन टाकलं, आणि त्यानंतर घरात साधा फ्यूज गेला तरी तो मिस्त्री बोलावतो. एल्बो मी शुक्रवारी नावाच्या तलावात टाकला. माझ्याशी मात्र दादा बोलत राहिला, घरातसुद्धा. मी परीक्षेला बसलो, पास झालो, माझं लग्न त्यानं केलं. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

मी गोष्ट सांगतो तेव्हा ती वाळ्यापाशी फुलवतो, पलंगावरच्या डॅशबोर्डपाशी हसवतो, आणि चाळणी आली की आवरती घेतो.

गेल्या संक्रांतीला सगळे दादाकडे जमलो होतो. माझ्या मुलीनं वहिनींना विचारलं, मोठ्या बाबांच्या हाती तुम्ही साधा अडकित्तासुद्धा का देत नाही? वहिनी आता हसून सांगतात. “अवं, यांच्या हातून पितळेचा एक तुकडा पडला, अन् माही माय मले भेटलीच नाही.” दादा समोरच होता. “पडला खरा,” तो म्हणाला, आणि आपल्या हातांकडे बघत बसला. मुलगी माझ्याकडे वळली. पुढची गोष्ट मी सांगायची असते. मी सांगितली, नेहमीसारखी. सगळे हसले.

वहिनी हे आधी वाचतील, मग दादाला देतील.

तो दादाच्या हातून पडला नव्हता, वहिनी. मी खिशात घातला होता. तुमची आई वाट बघते आहे, हे मला माहीत होतं.